नंबर नको, अंश सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोल्फच्या काठीचे डोके मोठे झाले म्हणून चेंडू लांब जाऊ लागला, असे आपल्या क्रीडा पानावर वाचले. हे अर्धेच खरे. डोके वाढले ते मुख्यतः चुकलेला फटका सावरावा म्हणून. पर्सिमन लाकडाच्या ड्रायव्हरवर (सर्वांत लांब फटक्याच्या काठीवर) चेंडू जरा टोकाकडे लागला की डोके गर्रकन वळायचे. १९७९ मध्ये टेलरमेड या कंपनीने पोकळ पोलादी डोके आणले आणि वजन मधून कडेला सरकवता आले. पुढे टायटॅनियम आले. ते पोलादाच्या जेमतेम ५६ टक्के जड, त्यामुळे २०० ग्रॅमच्या आसपासच राहून डोके आज ४६० सीसीपर्यंत (घन सेंटिमीटर) फुगले आहे. त्यापुढे नियम आडवा येतो. डोके वळण्याला किती विरोध करते, त्यालाही ५,९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटरची मर्यादा आहे. मग जाहिरातीतले '१० हजार' कुठून येतात? डावी-उजवीकडे वळण्याचा आणि वर-खाली कलण्याचा असे दोन आकडे बेरीज करून छापतात. नियम फक्त पहिल्याला लागू आहे.

खरी गल्लत आयर्नमध्ये, म्हणजे नंबर दिलेल्या धातूच्या काठ्यांमध्ये होते. नंबर जितका लहान, तितका कोन कमी आणि फटका लांब. सात नंबरच्या काठीच्या फेसचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) मागे कललेला कोन पूर्वी ३५ अंशांच्या आसपास असे, आता बऱ्याच संचांत तो २८ ते ३० असतो. वजन तळाशी नेल्याने कमी कोनातही चेंडू उंच चढतो, म्हणून कंपन्यांना हे जमते. 'जुन्या सातपेक्षा लांब जाते' म्हणून जी विकतात, ती कोनाने जुनी सहा किंवा पाचच! या ओढाताणीत पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्याची, जास्त कोनाची काठी) ४८ वरून ४३-४४ अंशांवर आली. वाळूतून चेंडू काढायची सँड वेज मात्र ५६ वरच आहे. दोन काठ्यांत ४-५ अंशांचे अंतर हवे, तिथे १२ अंशांचे भगदाड पडते. मग ५० अंशांची आणखी एक वेज घ्यावी लागते. लेखातल्या तक्त्यात नंबरांशेजारी अंश छापले असते तर नवख्याची फसगत टळली असती.

काठीचा कार्बनचा दांडा आपल्या सोलापुरात, चादरीच्या गावात, चटकन कळावा. फरक इतकाच, की याच्या कापडाला बाणा (आडवा धागा) नसतो. सगळे धागे एकाच दिशेने, राळेत भिजवलेले. असे पत्रे पोलादी सळईवर गुंडाळून भाजतात. लांबीला समांतर थर वाकणे रोखतात, ४५ अंशांत तिरके लावलेले थर पीळ रोखतात. म्हणूनच डोके बदलताना मानेला (डोक्यात दांडा बसतो त्या नळीला) ऊब देऊन दांडा सरळ ओढायचा. पोलादी दांड्यासारखा पिळून काढला की टोकाचे धागे तुटतात; वरून काही दिसत नाही, पण पुढे जोराच्या फटक्यात तो मानेजवळ मोडतो.

जुना संच घेताना मानेवरची काळी प्लास्टिकची कडी वर सरकलेली दिसली तर जोड एकदा तपासून घ्या. दांड्यावर घासल्याच्या खुणा नुसत्या रंगापुरत्या असतील तर चालतील, धागे उघडे पडले असतील तर परत करा. टायटॅनियमचा म्हणून दिलेल्या ड्रायव्हरच्या फेसला लोहचुंबक लावून पाहा. लोहचुंबक चिकटला तर फेस टायटॅनियमचा नाही. तळाला लावू नका, तिथल्या वजनाच्या स्क्रूला तो चिकटू शकतो.

आणि सोलापूरच्या मे महिन्यात संच गाडीच्या डिकीत ठेवू नये. काठीच्या मुठीखालच्या टेपचा चिकटा नरम पडतो आणि फटक्याच्या वेळी मूठ हातात फिरते.

आपला,
एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर