ट्रॉलीचा फुटलेला टायर लगेच कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाळप हंगाम तोंडावर आला की ऊस पट्ट्यातल्या टायर दुकानांत ट्रॉल्यांची रीघ लागते. उन्हाळा-पावसाळा उघड्यावर काढलेली ट्रॉली तशीच फडात जाते, टायर फुटतो आणि माल खराब निघाला म्हणून दुकानदाराशी वाद होतो. काही टायर खरोखरच सदोष असतात. पण सदोष कोणता आणि भाराने गेलेला कोणता, हे ओळखता आले नाही तर भरपाईही मिळत नाही आणि त्याच चाकावर चढवलेला नवा टायरही टिकत नाही.

त्यासाठी टायर उतरवल्यावर आत बॅटरी मारून पाहा. बाजूच्या आतल्या अंगाला गोल फिरलेला घासल्याचा पट्टा आणि रबराचा काळा भुगा दिसला, तर टायर कमी हवेवर चालला आहे. आतून फुलीसारखी फाट असेल, तर तो दगडाचा किंवा खड्ड्याचा मार. यातले काहीच नाही, बाहेर घावही नाही, तरी थोड्याच वापरात बाजूला फुगा आला किंवा जमिनीला टेकणारा नक्षीचा थर पापुद्र्यासारखा सुटला, तर दोष कारखान्यातला असण्याची शक्यता मोठी. असा टायर कापू नये, रिमोल्डला (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवायला) देऊ नये आणि बदल्यात दुकानात सोडून येऊ नये. तोच तुमचा पुरावा आहे.

सुटलेला थर फुटण्याआधीही सापडतो. रिकामी ट्रॉली जॅकवर घ्या, दुसऱ्या चाकांना दगड लावा. विटांवर काठी ठेवून तिचे टोक नक्षीपासून बोटभर अंतरावर आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. दर फेरीला टोक एकाच जागी घासत असेल, तर तिथे थर सुटला आहे किंवा डिस्क, म्हणजे टायर बसतो ते लोखंडी चाक, वाकडी आहे. काठी डिस्कच्या काठाशी धरून पुन्हा फिरवले की दोन्हींतला फरक कळतो.

नवा टायर घेताना बाजूवर कोरलेले तारखेचे चार आकडे वाचा. ३८२१ म्हणजे २०२१ सालचा ३८ वा आठवडा. शिक्का किंवा नंबर घासून काढलेला टायर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. त्याचे वयही कळत नाही आणि त्यावर दावाही करता येत नाही. टायरसोबत ट्यूब आणि फ्लॅपही (ट्यूब व डिस्क यांच्यामधली रबरी पट्टी) नवेच बसवा. ताणलेल्या जुन्या ट्यूबला आत घडी पडते आणि त्या घडीवरच ती चिरते. टायर जागेवर धरणारी सुटी लोखंडी रिंग असलेल्या डिस्कवर हवा भरताना साखळी गुंडाळा आणि रिंगसमोर कोणीही उभे राहू नका. उडालेली रिंग माणूस मारते.

भाराचा हिशेब तर कोणी करतच नाही. कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीवरच्या एकूण वजनातून ट्रॅक्टरचे वजन वजा करा. समजा चार चाकी ट्रॉली उसासह १० टन भरली, तर सरासरी प्रत्येक टायरवर अडीच टन आले. हा आकडा टायरवर छापलेल्या कमाल भाराशी ताडून पाहा. मोळ्या मागे जास्त रचल्या तर मागच्या दोन टायरांवर याहूनही जास्त भार येतो. छापलेला भार टायर पेलतो तो त्याच्याशेजारी छापलेल्या हवेवरच, आणि ही हवा सकाळी टायर गार असताना मोजायची. चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून सोडली, तर गार झाल्यावर ती कमी पडते. मग बाजू जास्त दुमडते, टायर आणखी तापतो आणि थर सुटतात. फेरीनंतर टायर आणि हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) दोन्हींना हात लावून पाहा. हबच जास्त तापला असेल, तर खोट बेअरिंग-ग्रीसमध्ये आहे.

दावा करायचा तर टायरचा नंबर लिहिलेले पक्के बिल हवे. टायर तपासणीला देताना पोच घ्या आणि नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनी सहसा उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात भरपाई देते. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग; ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. ‘ट्रॉली धंद्याची, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असे सांगून वाहतूकदारांना परत पाठवले जाते. परंतु स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची धरलेली नाही. एका ट्रॅक्टरवर घर चालवणाऱ्याने तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे.

साखर कारखान्यांकडे आमची एकच मागणी आहे: हंगाम सुरू होण्याआधी आठवडाभर काटा वाहतूकदारांना खुला ठेवा. रिकामा ट्रॅक्टर आणि प्रत्येक ट्रॉली वेगळी तोलून त्याची पावती द्या. काटा तिथे आहेच, आणि वर सांगितलेला सगळा हिशेब त्या दोन आकड्यांवाचून अडतो.

– ट्रॉली-टायर दुरुस्ती करणारे काही कारागीर, कोल्हापूर जिल्हा