मावशींनी दिलेला तुकडा आम्हाला सांभाळता आला नाही

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये पीएचडी करते, चौथं वर्ष चालू आहे. आम्ही पेशंटच्या आतड्यातून आणि ट्यूमरमधून काढलेल्या पेशींपासून ऑर्गनॉइड वाढवतो, म्हणजे साबुदाण्याहून बारीक जिवंत गोळे. औषध माणसाला द्यायच्या आधी त्यांच्यावर टाकून बघायचं. शुक्रवारी सकाळी प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली तर निरोगी आतड्याचे सगळे गोळे काळपट पडलेले, कडा विस्कटलेल्या, आत नुसता चुरा. मी स्टूलवर बसले आणि रडले.

हे गोळे आतड्याच्या ज्या तुकड्यापासून वाढवले, तो 58 वर्षांच्या एका मावशींचा होता. संमतीपत्रावर सही करताना त्या म्हणाल्या, मला नाही तर दुसऱ्या कुणाला उपयोग होईल ना, मग घ्या. ऑपरेशन थिएटरबाहेर बर्फाचा डबा घेऊन मी पाच तास उभी होते. लॅबमध्ये येऊन तुकडे धुतले, बारीक केले, बर्फावरच्या जेलमध्ये पेशी मिसळून थेंब टाकले. ते जेल गार असतं तोवरच पातळ, हात जरा रेंगाळला की पिपेटमध्येच घट्ट होतं. मग तीन महिने दर दोन दिवसांनी मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलला, रविवारी पण, दिवाळीत पण.

आता का मेले ते सांगते. निरोगी आतड्याच्या पेशींना जगायला आर-स्पॉन्डिन, नॉगिन अशी प्रथिनं बाहेरून द्यावी लागतात. आतड्याच्या बऱ्याच ट्यूमरना आर-स्पॉन्डिन लागतच नाही, ते त्याच्याशिवाय वाढतात. आमचं आर-स्पॉन्डिन संपलं, ग्रँटचा दुसरा हप्ता अकरा महिने आलेला नाही, सप्लायर म्हणतो आधीचं बिल भरा. म्हणजे ट्यूमर जिवंत आणि निरोगी भाग मेला! पण नुसत्या ट्यूमरचं आम्ही काय करू? औषध कॅन्सर मारतंय की माणसाचं आतडंच जाळतंय, हे शेजारी निरोगी गोळे असल्याशिवाय कळणार कसं?

हप्त्यासाठी फोन केला की युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचे पैसे खर्च केल्याचा दाखला, पाठवा म्हणतात. पाठवलं, तीनदा पाठवलं. दिवाळीच्या आत पैसे येतील असा शब्द आम्हाला दिला होता. माझी फेलोशिपही सात महिने बंद आहे. कागदावर महिना 42,000 रुपये, हातात शून्य. मेसचे पैसे भाऊ भरतो, तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे आणि आत्ताच नोकरीला लागलाय. बाबा फोनवर विचारतात, अजून पगार नाही झाला का गं, आणि मी दर वेळी पुढच्या महिन्यात म्हणते. एकतीस वर्षांची बाई आहे मी, लाज वाटते हो.

आणि दुसरीकडे घोषणा बघा. 2023 मध्ये सरकारनंच क्लिनिकल ट्रायलच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी ऑर्गनॉइड, ऑर्गन-ऑन-चिप (चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची छोटी नक्कल) वापरायला वाट मोकळी केली, आम्ही लॅबमध्ये पेढे वाटले. त्याच वर्षी संशोधनासाठी पाच वर्षांत 50,000 कोटी जाहीर झाले, मग 2025 मध्ये 1 लाख कोटींचा फंड. 2024 च्या बजेटमध्ये लॅबच्या केमिकल्सवर 150 टक्के कस्टम ड्युटी लावली आणि ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत परत 10 वर आणली, म्हणजे लावताना कुणी एकाही लॅबला विचारलं नव्हतं. देश जीडीपीच्या 0.64 टक्के संशोधनावर खर्च करतो, दक्षिण कोरिया 5 च्या आसपास. आणि जे थोडे पैसे लॅबकडे येतात तेही 31 मार्चच्या तोंडावर येतात, खर्च झाले नाहीत तर परत जातात. पेशींना मार्च-एप्रिल कळत नाही साहेब, त्यांना परवा मीडिया लागतो. रस्त्याचं काम सहा महिने थांबलं तर रस्ता तिथेच असतो, आमचं थांबलं की मरतं. जिवंत गोष्टींवर काम करणाऱ्या लॅबला सिमेंटच्या कामाचे नियम लावणारी ही सगळी व्यवस्थाच चुकीची आहे, आणि त्यात मग आमच्या बॅचचे दोघं जर्मनीला गेले की ब्रेन ड्रेनवर भाषणं होतात.

मागणी फार मोठी नाही. अडकलेला हप्ता आणि फेलोशिप सोडा, आणि जिवंत पेशींवर काम करणाऱ्या लॅबला फाईल अडकली तरी तीन महिने पुरेल एवढा निधी आधीच हातात राहू द्या.

मावशींच्या निरोगी पेशींच्या दोन व्हायल (छोट्या कुप्या) अजून लिक्विड नायट्रोजनमध्ये आहेत, तेवढंच उरलंय. टाकी पुढच्या बुधवारपर्यंत पुरेल. नायट्रोजनचं बिल सोबत जोडलंय.

आपली,
एक पीएचडी संशोधक, पुणे