शब्दकोड्याशेजारी एक कोडं आमच्यासाठीपण छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं आमच्याकडे बायको सोडवते आणि सुडोकू मी, म्हणजे सोडवायचो, कारण मधे मी सुडोकू सोडवणारा पायथनचा (ही कॉम्प्युटरची एक भाषा) प्रोग्राम लिहिला आणि तेव्हापासून हाताने सोडवायची मजाच गेली. आकडे टाईप करायला पाच मिनिटं आणि सुटायला सेकंदभरपण नाही. बायको म्हणाली, मग अहो उपयोग काय त्याचा? काही नाही, हेच तर सांगायला लिहितोय.

मी इंजिनियर वगैरे नाही. एका पतसंस्थेत ३१ वर्षं लेजर आणि व्याजाचे तक्ते केले, रिटायर झालो, लॉकडाऊनमधे भाच्याने पायथनची ओळख करून दिली आणि चिकटलो. कोडिंगची कोडी, म्हणजे प्रोग्राम लिहून सोडवायची, सोडवतो असं सांगितलं की समोरचा पहिलं विचारतो, कुठे नोकरीचा इंटरव्ह्यू आहे का? या वयात मला कोण घेणार! शब्दकोडं सोडवणाऱ्याला कोणी विचारतं का की काका, मराठीचे प्राध्यापक होणार का म्हणून?

माझी सुरुवात प्रोजेक्ट ऑयलर नावाच्या गणिती कोड्यांच्या वेबसाईटपासून झाली, त्यातलं पहिलंच कोडं १००० च्या आतल्या ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज, ते पाचवीतलं पोरगंपण समजू शकतं. मग अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड या दुसऱ्या साईटचा नाद लागला. एरिक वास्टल नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने २०१५ ला सुरू केलेलं, डिसेंबरात रोज एक दोन भागांचं कोडं, तिकडच्या मध्यरात्री उघडतं म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहाला. साडेदहा म्हणजे आमची काउंटर उघडायची वेळ, सवयीने मी दहालाच चहा घेऊन बसतो. २०२५ पासून कोडी २५ ची १२ केली आणि जागतिक क्रमवारीपण काढून टाकली, बरं झालं, ती रेस बघून माझं बीपी वाढायचं.

रोज नवा फोल्डर करा, रिकामी फाईल करा, इनपुट म्हणजे कोड्याचे आकडे उतरवा, कोड्यात दिलेल्या नमुन्यावर प्रोग्राम आधी चालवून बघा, या सगळ्या हमालीसाठी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. लेजर ओढणाऱ्या माणसाला रोज तेच तेच करणं म्हणजे काय ते माहीत असतं, ते मशीनला देऊन टाकलं की डोकं कोड्यासाठी मोकळं राहतं. पण शहाणपणा अंगाशीपण आला. उत्तरपण आपोआप पाठवायची सोय केली आणि एकदा चुकीचं उत्तर परत परत जात राहिलं, साईटने मला थांबवून ठेवलं, आधी एक मिनिट मग त्याहून जास्त. तेव्हापासून उत्तर मी स्वतः टाईप करतो, आणि उतरवलेलं इनपुट जपून ठेवतो म्हणजे सर्व्हरला उगाच त्रास नाही.

आता मुद्द्यावर येतो. अशी कोडी अमेरिकेतूनच आणायला पाहिजेत असं नाहीये. मी नाशिकरोडला राहतो, इथून जवळच देवळालीला गणितज्ञ द. रा. कापरेकर एका शाळेत शिकवायचे. त्यांनी शोधलेली ही गंमत बघा. चार आकडी कुठलीही संख्या घ्या (सगळे अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा, परत तेच करा, जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतंच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

मी १००० ते ९९९९ सगळ्या नऊ हजार संख्या तपासायचा प्रोग्राम लिहिला तर स्क्रीनवर ७७ संख्या अशा आल्या की ज्या ६१७४ ला पोचतच नाहीत! त्यातल्या नऊ म्हणजे सगळे अंक सारखे असलेल्या, ११११, २२२२ अशा ९९९९ पर्यंत, त्या ठीक. पण बाकी ६८? क्षणभर मला वाटलं कापरेकर सरांची चूक सापडली, भाच्याला फोनपण केला. तो हसला, म्हणाला मामा, तुमचं शून्य पळालंय. १११२ घेतलं की २१११ वजा १११२ म्हणजे ९९९ येतात, ते ०९९९ धरायला पाहिजेत, माझा प्रोग्राम ९९९ धरून ९९९ वजा ९९९ करून शून्यावर बसत होता. पुढे शून्य भरणारी झेडफिल नावाची एक आज्ञा टाकली आणि ६८ च्या ६८ गायब. एका शून्यासाठी अख्खी दुपार गेली, पण पतसंस्थेत पैशाचा फरक शोधताना जायची त्यापेक्षा ही दुपार कितीतरी मजेत गेली.

तर विनंती एवढीच की पुरवणीत महिन्यातून एकदा तरी असं आकड्यांचं कोडं द्या, ज्याला पाहिजे त्याने पेन घेऊन सोडवावं, ज्याला पाहिजे त्याने प्रोग्राम लिहून. पहिलं मीच देतो: चारऐवजी तीन आकडी संख्या घेतली तर कुठल्या संख्येवर येऊन थांबतं? उत्तर त्याच पानावर तळाला उलटं छापू नका प्लीज, पुढच्या रविवारी द्या, आमच्याकडे बायको पेपर उलटा करून आधी तेच वाचते.

– एक वाचक, नाशिकरोड