एमआरआयचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे

महोदय,
मेंदूतील गाठींच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रगत एमआरआय तंत्रांविषयीचा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. माहिती चांगली आहे. मात्र ‘आता गाठीचा तुकडा काढून तपासायची (बायॉप्सीची) गरज उरणार नाही’ हा त्यातला सूर पटला नाही.

परफ्युजन या एमआरआय तंत्रातून गाठीचा रक्तपुरवठा कळतो, स्पेक्ट्रोस्कोपीत म्हणजे गाठीतली रसायने मोजणाऱ्या तंत्रात कोलीन (पेशी झपाट्याने वाढताना वाढणारे रसायन) वाढलेले आणि एनएए (निरोगी चेतापेशींतले रसायन) घटलेले दिसले की कर्करोगाचा संशय बळावतो, हे खरे. पण आपल्याकडे क्षयाची गाठ किंवा फीतकृमीच्या अळीची गाठही एमआरआयवर कडीसारखी चकाकते आणि भल्याभल्यांना चकवते. माझ्या मावसभावाच्या अहवालात कर्करोगाची शक्यता लिहून आली, तेव्हा घरात आठवडाभर कुणी धड जेवले नाही. तुकडा तपासल्यावर क्षय निघाला; औषधांनी तो बरा झाला.

शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा आक्रमक कर्करोग ठरवताना आयडीएच नावाच्या जनुकात बदल आहे का, हे पाहावे लागते. त्यासाठी आजही प्रामुख्याने गाठीच्या ऊतीचाच नमुना लागतो. शस्त्रक्रियेची आखणी करताना किंवा रेडिएशननंतर गाठ परतली की नुसती पेशींची हानी झाली हे ओळखताना एमआरआयच्या या तंत्रांचा मोठा आधार होतो, तो वेगळा.

पुण्यात साताऱ्या-सोलापुराहून रुग्ण येतात आणि डॉक्टरांना भेटण्याआधीच अहवाल व्हॉट्सॲपवर फिरतो. त्यातील ‘शक्यता’ म्हणजे निदान नव्हे, एवढे तरी एमआरआय केंद्रांनी अहवालाखाली मराठीत छापावे.

— एक वाचक, कोथरूड, पुणे