तीन यंत्रे, एकच शेल

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

माझी शेलची, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामची, मांडणी तू मागितलीस. ती फाइल नुसती पाठवून भागणार नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. मीही पूर्वी 'डॉट बॅशआरसी' (बॅश या शेलची मांडणीची फाइल) एका यंत्रावरून दुसऱ्यावर हाताने उतरवून घेत असे. सहा महिन्यांत लॅपटॉप, मॅक आणि सर्व्हर यांवरच्या तिन्ही प्रती इतक्या वेगळ्या झाल्या की, कोणता एलियास (आज्ञेचे टोपणनाव) कुठे आहे हे मलाच आठवेना.

आता अशा सगळ्या मांडणीच्या फाइली, म्हणजे डॉट-फाइली, एका गिट रेपोत (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात) आहेत आणि होम डिरेक्टरीत त्यांचे केवळ सिम्लिंक (मूळ फाइलीकडे नेणारे दुवे) आहेत. ते जोडण्यासाठी मी 'स्टो' हे साधन वापरतो. होम डिरेक्टरीचाच रेपो करणारेही आहेत, पण माझा जीव त्यात रमला नाही.

खरी मेख यंत्रायंत्रांतील फरकांत आहे. मॅकसोबत येणारा बॅश परवान्याच्या कारणामुळे अजून ३.२ या आवृत्तीवरच अडकलेला आहे, त्यामुळे २००९ च्या ४.० मध्ये आलेले असोसिएटिव्ह अॅरे (नावाने मूल्ये साठवणाऱ्या याद्या) तिथे चालत नाहीत; शिवाय २०१९ च्या कॅटालिनापासून तिथला मूळ शेलच झेडशेल आहे. फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस'ला रंग हवे असतील, तर लिनक्सवर 'कलर' हा पर्याय लागतो आणि मॅकवर मोठा 'जी'. म्हणून दोन्ही शेलना कळतील असे एलियास आणि व्हेरिएबल मी सामाईक फाइलीत ठेवतो, प्रॉम्प्ट (आज्ञेआधी दिसणारी खूण) व कम्प्लीशन (अर्धवट आज्ञा पूर्ण करणे) शेलनिहाय वेगळे करतो, आणि त्या त्या यंत्रापुरते जे असेल ते 'लोकल' नावाच्या फाइलीत लिहितो. ही फाइल असेल तरच शेवटी वाचली जाते आणि ती गिटमध्ये कधीच जात नाही. टोकन, पासवर्ड यांची जागाही तिथेच, कारण कमिट झालेली, म्हणजे गिटमध्ये नोंदलेली, गोष्ट नंतर पुसली तरी इतिहासात राहते.

एकदा हौसेने मी सामाईक फाइलीच्या पहिल्याच ओळीत 'नमस्कार' छापायला लावले आणि सर्व्हरवर एसएफटीपी (फाइली ने-आण करण्याचे साधन) बंद पडले. संदेश ३७६८८८७५२० इतका लांब असल्याची तक्रार ते करू लागले. बराच वेळ डोके खाजवल्यावर उलगडा झाला: एसएसएचमार्फत (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणीतून) आलेल्या कामासाठीही बॅश ती फाइल वाचतो, आणि माझ्या नमस्काराचे पहिले चार बाइट समोरच्याने संदेशाची लांबी म्हणून वाचले होते! तेव्हापासून शेल इंटरॅक्टिव्ह नसेल, म्हणजे समोर माणूस टाइप करत नसेल, तर तिथूनच परत फिरण्याची अट मी फाइलीच्या माथ्यावर लिहितो.

रेपोचा पत्ता वेगळा कळवतो. माझा प्रॉम्प्ट मात्र घेऊ नकोस. तो प्रत्येक एंटरला गिटची स्थिती विचारतो आणि मोठ्या रेपोत रेंगाळतो. सर्व्हरवर मांडणी बसवताना एक जुने सत्र उघडे ठेव आणि दुसऱ्या टर्मिनलमधून नवे लॉगिन नीट झाल्याखेरीज ते बंद करू नकोस.

कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र