कॉम्प्सची तयारी एम.ए.पासूनच हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत राज्यशास्त्रात पीएच.डी. करू पाहणारे आपले विद्यार्थी प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीची कसून चौकशी करतात, ‘कॉम्प्स’बद्दल मात्र क्वचितच विचारतात. ही सर्वंकष परीक्षा साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीला होते. ती पार पडल्याशिवाय प्रबंधाला हात घालता येत नाही. नापास झाल्यास बहुतेक ठिकाणी आणखी एक संधी मिळते. तीही हुकली तर एम.ए.वर समाधान मानून बाहेर पडावे लागते.

तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धान्त अशा क्षेत्रांपैकी दोन-तीन निवडायची असतात. कुठे एका दिवसाची बंद खोलीतली लेखी परीक्षा, कुठे घरी बसून दोन-तीन दिवसांत उत्तरे, आणि पुष्कळदा त्यावर तोंडी.

घोटाळा होतो तो उत्तराच्या घडणीत. प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत दुसऱ्या पेपरातल्या १०० बहुपर्यायी प्रश्नांना ‘कोण काय म्हणाले’ एवढे पुरते. कॉम्प्समध्ये तसे लिहिले की उत्तराची जंत्री होते. ‘आर्थिक विकासामुळे लोकशाही येते का?’ या प्रश्नाला लिप्सेट (१९५९), प्शेवॉर्स्की-लिमोंजी (१९९७), बोइश-स्टोक्स (२००३) या अभ्यासकांचे ओळीने सारांश देऊन भागत नाही. विकासातून लोकशाही जन्मते, की आधीच आलेली लोकशाही त्याने टिकते? १९५० पूर्वीचा काळ हिशेबात घेतला की निष्कर्ष का बदलतो? दारिद्र्यातही लोकशाही टिकवलेला भारत हा निव्वळ अपवाद, की सिद्धान्तच अपुरा? यावर स्वतःची भूमिका पहिल्याच परिच्छेदात यायला हवी. भारताचे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांची मोठी ताकद आहे, पण अनेकदा ते वर्णनातच वाया जाते.

वाचनयादी लेखकांनुसार न लावता वादांनुसार लावावी. प्रत्येक पुस्तकाचे एकपानी टिपण करावे: प्रश्न, दावा, पुरावा, विरोध कुणाला. जुन्या प्रश्नपत्रिका विभागाकडे मागाव्यात. शेवटच्या महिन्यात नवे वाचन थांबवून घड्याळ लावून लिहावे. तोंडीत परीक्षक लेखी उत्तरातल्या कच्च्या जागेवरच बोट ठेवतात. ती आपणच आधी शोधावी.

हा सराव इथे भारतातच का होऊ नये? यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क आणि त्यात ५५ टक्के गुण लागतात. विषयाच्या एकूण आवाक्याची वेगळी लेखी कसोटी सक्तीची नाही. विद्यापीठांनी एम.ए.च्या शेवटच्या सत्रात असा एक पेपर ठेवावा: तीन तास, दोनच प्रश्न, आणि भूमिका नसलेल्या उत्तराला निम्म्याहून अधिक गुण नाहीत.

– राज्यशास्त्राचे एक अध्यापक, पुणे