दादास पत्र: आधी खरेदीखत, मग प्रश्न

प्रिय दादा आणि वहिनी,
प्रभूच्या नावात सलाम.

वहिनी, परवा फोनवर तुम्ही सगळं सांगितलंत ते बरं केलंत. दादाने दोन वाक्यांत उरकलं असतं. न आलेल्या मालाच्या बिलावर सही कर म्हणून साहेबांनी कागद पुढे सरकवला, दादाने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि कागद तसाच परत केला. पुढच्या महिन्यात नोकरी गेली. ते टोपण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

दादा, तुझा प्रश्नही वहिनींनीच सांगितला. देवाचं ऐकलं म्हणून हे वाट्याला आलं, तर ऐकायचं कशाला? या प्रश्नावरून तुझा विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. आणि प्रार्थनेला येऊन "घरात कुठे पाप लपलंय का बघा" असं सांगून गेले, त्यांचं तर मुळीच नको. सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तेवढंच काय ते त्यांचं चांगलं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. शेवटी देवाने त्यांच्यातल्या अलीफजला स्पष्ट सांगितलं की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. वर त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं काम ईयोबाकडेच दिलं! तुलाही हे जड जाणार, मला माहीत आहे.

योसेफाची गोष्ट आपण लहानपणी रंगीत झग्यापासून सुरू करून थेट मिसरच्या राजाच्या, फारोच्या दरबारात नेऊन संपवायचो. मधलं कोण वाचतं? 17 वर्षांचा असताना तो घरी भावांबरोबर मेंढरं राखत होता, फारोपुढे उभा राहिला तेव्हा 30 चा. तुरुंगात गेला तो धनी पोटीफराच्या बायकोला नाही म्हटल्यामुळे. म्हणजे आज्ञा पाळली म्हणूनच. आत काय केलं त्याने? एके सकाळी दोन कैद्यांचे चेहरे उतरलेले दिसले, तेव्हा त्याने विचारलं, आज तुम्ही असे उदास का? स्वतःवर खोटा आळ आलेला माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतोय. त्यातला फारोचा प्यालेबरदार सुटला आणि योसेफाला विसरला, पुरी दोन वर्षं. या दोन वर्षांबद्दल शास्त्रात एक ओळ नाही. मला वाटतं खरी परीक्षा तिथेच असणार, जिथे लिहिण्यासारखं काही घडतच नाही.

पण सध्या मी सारखी जिथे परत जाते ते यिर्मया संदेष्ट्याचा 32 वा अध्याय. 29 व्या अध्यायातलं 11 वं वचन, हिताच्या संकल्पांचं, घरोघरी भिंतीवर असतं. त्याच्या आधीच्या वचनातली 70 वर्षं कुणी फ्रेम करत नाही, ते असो. 32 व्या अध्यायात बाबेलच्या सैन्याचा यरुशलेमेला वेढा पडलाय. नगर पडणार असं सांगितलं म्हणून यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे. देवाने आधीच सांगून ठेवलेलं असतं. यिर्मया 17 शेकेल रुपं तोलून देतो, खरेदीखत लिहितो, मोहोर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक मोहोरबंद प्रत, एक उघडी. दोन्ही मातीच्या मडक्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील, असं आपल्या लेखनिकाला, बारूखाला सांगतो. कोणतीही कसर नाही, जणू उद्याच पेरणी आहे.

आणि हे सगळं झाल्यावर तो प्रार्थनेला बसतो. काय म्हणतो? प्रभू, नगर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या हाती चाललंय आणि तू मला सांगतोस शेत विकत घे! देव त्याला दटावत नाही, सविस्तर उत्तर देतो. आपण उलटं शिकलोय, की आधी मन शांत व्हावं, शंका फिटाव्यात, मग पाऊल टाकायचं. गेथशेमाने बागेत, धरून नेण्याआधी, प्रभू येशूचंही मन शांत नव्हतं. प्याला टळून जावा म्हणून प्रभूने तीनदा मागितलं आणि तरी उठून पुढे गेला. दानीएलाच्या पुस्तकातले भट्टीसमोरचे तिघेही राजाला हेच म्हणाले होते ना, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरीही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. त्या "तरीही"ला किती धीर लागला असेल!

पुढे लोक यिर्मयाला मिसर देशात घेऊन गेले. अनाथोथच्या त्या शेतात त्याने कधी नांगर घातल्याचं शास्त्रात नाही. त्यामुळे तुला याहून चांगली नोकरी नक्की मिळेल असं मी लिहिणार नाही. मिळावी म्हणून रोज मागतेय, पण तसं वचन द्यायला मी कोण? सही केली नाहीस ते बरोबर होतं, मग पुढे काहीही होवो.

दूर बसून लिहिणं सोपं आहे, हे मलाही कळतं. म्हणून कामाचं तेवढं सांगते. तुझ्याकडच्या हिशेबाच्या वह्या नीट लिहून, पोच घेऊन सोपव, राग कितीही असो. राहिलेला पगार आणि अनुभवाचा दाखला लेखी माग. नव्या ठिकाणी जुनी नोकरी का सोडली विचारलं तर खरं सांग, पण साहेबांच्या नावाने खडे फोडू नकोस. आणि रात्री देवाशी भांडायचं असेल तर खुशाल भांड.

पैसे पाठवलेत. परत करायचा विचार डोक्यातून काढ. वहिनी, याच्यावर लक्ष ठेवा. आईला मी अजून काही बोललेले नाही, ते दादानेच सांगायचं. पण रविवारच्या आत सांग रे, उपासनेनंतर ती मला फोन करते आणि मला तिच्याशी खोटं बोलता येणार नाही.

लेकरांना पापा.

तुझी धाकटी